जनगणनेत आपल्या घरची बाई ‘काम करत नाही’, हे कोण लिहितं?

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा मुख्य टप्पा आहे. २०११ नंतरची ही पहिलीच जनगणना, कारण २०२१ ची झालीच नाही. या वेळी जात नोंदवली जाणार म्हणून आपल्या मोहल्ल्यांत चर्चा सगळी तिचीच चालू आहे. नुसतं शेख सांगायचं की बागवान, कुरेशी, पिंजारी, मण्यार सांगायचं, यावर चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत बोलणं होतं. होऊ द्या, ते गरजेचंच आहे. आम्हाला मात्र दुसऱ्या एका प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, ज्यावर कोणी बोलत नाही. तो कामाचा प्रश्न. घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारतात : गेल्या वर्षभरात काही काम केलं का?

२०११ साली हा प्रश्न आम्ही स्वतः दारोदार विचारत फिरलो. शिक्षकांना जनगणनेची ड्यूटी काही नवीन नाही. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सांभाळून, बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची वस्ती आमच्या वाट्याला आली होती. खांद्याला पिशवी, हातात भलामोठा कागद, त्याची घडी पडू द्यायची नाही ही सक्त ताकीद. दारात उभं राहायचं, घरातले पुरुष बाहेर यायचे, त्यांना विचारून एकेक रकाना भरायचा. बाईच्या कामाचा रकाना आला की उत्तर ठरलेलं : “कुछ नई करती सर, घरमेंच रैती.” आम्ही कोड टाकायचो २. म्हणजे घरकाम. पुढची ओळ.

आता आठवलं की शरम वाटते. त्यातल्या एका घरात ओसरीवरच शिलाई मशीन होतं आणि शेजारी शिवायला आलेल्या ब्लाउजच्या कापडांचा ढीग. एका घरी दाराशी पाच बकऱ्या बांधलेल्या. एका घरात आपाजान मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस पोरांना रोज अस्र नंतर कुरआन शिकवायच्या आणि महिन्याला हदिया मिळायचा. हे सगळं आम्हाला दिसत होतं. दिसत असून कोड २. कारण विचारलं पुरुषाला, उत्तर पुरुषाने दिलं आणि आम्हाला अंधार पडायच्या आत दहा घरं उरकायची होती. प्रशिक्षणात नीट विचारायला सांगितलं होतं, चूक आमचीच.

जनगणनेत ‘काम’ कशाला म्हणतात ते आधी बघू. कारण लोकांना वाटतं, पगार मिळतो ते काम. जनगणनेची व्याख्या तशी नाही. ज्यातून उत्पन्न निर्माण होतं असं कोणतंही काम, मग त्याचा मोबदला हातात पडो वा न पडो, ते काम. घरच्या शेतात पैसे न घेता राबणं हे काम. नवऱ्याच्या किराणा दुकानात दुपारी दोन तास बसणं हे काम. दूध घरीच प्यायला वापरलं तरी म्हैस-गाय सांभाळून दूध काढणं, आणि धान्य घरीच खायला पिकवलं तरी शेती करणं, हेही काम धरलेलं आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं मात्र या व्याख्येत बसत नाही. ते बसायला पाहिजे की नाही हा मोठा वाद आहे, त्याकडे पुढे येऊ. पण जे आजच्या नियमात बसतं, तेसुद्धा आपण लिहून देत नाही, हा आधीचा मुद्दा.

वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’ काम करणारी, कमी केलं तर ‘सीमांतिक’ काम करणारी. कपाशीच्या वेचणीला दोन-अडीच महिने जाणारी बाई दुसऱ्या गटात येते. पण ती कोऱ्या रकान्यात जात नाही. सोयाबीनच्या सोंगणीला गेली, निंदायला गेली, मिरचीचे देठ तोडून दिले, शेवया-पापड करून विकले, फॉल-पिको केलं, सगळं मोजलं जातं. पण मोजलं जायला कोणीतरी सांगावं लागतं.

आमच्याच घरचं सांगतो. २००१ च्या जनगणनेला प्रगणक घरी आले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, ओट्यावरच बसलेलो. अब्बांनी अम्मींबद्दल सांगितलं, घरीच असतात. अम्मींच्या तेव्हा सात बकऱ्या होत्या. वर्षभर त्यांचा चारापाणी, आजारपण, रात्री उठून पिल्लं बघणं अम्मींचं. बकरी ईदच्या आधी दोन-तीन बकरे विकले जायचे, सौदा अब्बा करायचे. त्यातल्याच पैशातून पुढे आमच्या बी.एड.ची फी भरली गेली. ज्या बाईच्या मेहनतीवर मुलगा मास्तर झाला ती कागदावर काहीच करत नव्हती. अब्बांच्या मनात खोट नव्हती. त्यांना कोणी ‘बकऱ्या कोण सांभाळतं’ असं विचारलंच नाही. आणि आम्हालाही शेजारी बसून तेव्हा काही खटकलं नाही, हे आज जास्त लागतं.

त्याच २००१ च्या जनगणनेतून पहिल्यांदाच धर्मानुसार शिक्षणाचे आणि कामाचे तपशीलवार आकडे बाहेर आले. देशातल्या सगळ्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण २५.६ टक्के होतं. मुस्लिम स्त्रियांमध्ये १४.१ टक्के. तेव्हापासून हा १४ चा आकडा भाषणांत, लेखांत, वर्तमानपत्रांत फिरतो आहे. कोणी म्हणतं, बघा, हे लोक बायकांना घराबाहेर पडू देत नाहीत. आपल्यातले काही उलट अभिमानाने सांगतात की आमच्या बायकांना कामाची गरजच नाही. दोघेही आकड्याला हवं ते बोलायला लावतात.

आमचं म्हणणं असं नाही की आकडा खोटाच आहे. सातवी-आठवीनंतर उर्दू शाळा गावात नसली की मुलगी घरी बसते, हे आम्ही दरवर्षी बघतो. शिकलेल्या मुलीला नोकरी मिळताना नावाकडे बघितलं जातं, हेही खरं. दूर कामाला पाठवायला घरचे तयार नसतात, हे तर आपण सगळे जाणतो. म्हणजे काही फरक खराच आहे. पण २००५ साली नेमलेल्या आणि २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल दिलेल्या सच्चर समितीनेही दाखवून दिलं की मुस्लिम स्त्रिया मोठ्या संख्येने घरात बसून करण्याच्या कामांत आहेत. शिवण, भरतकाम, विड्या, अशी कामं. आणि घरात बसून केलेलं काम हेच दारात उभ्या राहिलेल्या प्रगणकाच्या नजरेतून सगळ्यात आधी निसटतं. मग १४.१ मध्ये खरं किती आणि न विचारल्याने गेलेलं किती, हे वेगळं करता येत नाही. अम्मी त्या १४.१ मध्ये नव्हत्या, एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो.

एका आकड्याने एवढं काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. बुलडाण्याचंच उदाहरण घ्या. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयात दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. दहा वर्षांत ५३ ने घट. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. गर्भलिंग तपासणीवर देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा आपल्याच राज्याने केला होता, तरी ही गत. हा आकडा बाहेर आला म्हणून सोनोग्राफी केंद्रांकडे लक्ष गेलं. २०१५ च्या जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ सुरू झालं तेव्हा देशातले १०० जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले १० होते आणि बीड, जळगावसोबत बुलडाणाही होता. योजनेने काय साधलं त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण जिल्ह्याचं नाव यादीत गेलं ते जनगणनेच्या त्या आकड्यावरून. लहान मुली मोजणं सोपं असतं, मूल दिसतं. त्याच मुलीच्या आईचं काम दिसत नाही. जे कागदावर नाही त्याच्यासाठी शिवणकेंद्र, कर्ज, पेन्शन, विमा मागायला गेलात तर साहेब पहिला प्रश्न विचारणार : तुमच्याकडे अशा बायका आहेत किती?

बायकांचं काम मोजण्यात खोट आहे हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. ५० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९०१ मध्ये देशात हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ पर्यंत ९३० राहिल्या, हे त्या अहवालाने लोकांपुढे ठेवलं. म्हणजे आकडे होते, जनगणनेच्या पुस्तकांत छापलेले होते, कोणी ते एका ओळीत लावून त्यांच्याकडे बघत नव्हतं इतकंच. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. संशोधन कोण करतं, प्रश्न कोण ठरवतं, याने उत्तर बदलतं ही गोष्ट त्या पिढीने अभ्यासकांना पटवली.

मग देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी १९७६-७७ मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या सहा गावांत एक साधं काम केलं. ‘तुम्ही काम करता का’ हे विचारण्याऐवजी लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात तेच बघून लिहिलं. ज्या बायका जनगणनेच्या भाषेत काम न करणाऱ्या होत्या, त्या जनावरं, चारा, शेत, मळणी यांत तासन्‌तास राबताना निघाल्या. अशा अभ्यासांचा दबाव वाढत गेला आणि १९९१ च्या जनगणनेच्या फॉर्ममध्ये कामाच्या प्रश्नापुढे कंसात शब्द आले, ‘घरच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं विनामोबदला काम धरून’. वाचायला किती छोटा बदल. पण प्रगणकाने तो कंस मोठ्याने वाचला तरच त्याचा उपयोग. २०११ ला आम्ही किती घरांत ते शब्द पुरते उच्चारले असतील? फार थोड्या.

वेळेचा हिशेब ठेवण्याची ती पद्धत आता सरकारनेही घेतली आहे. २०१९ मध्ये पूर्ण देशात पहिली वेळ-वापर पाहणी झाली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारायचं. त्यातून निघालं की घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. बरं, हे ९७ मिनिटं म्हणजे जे पुरुष हात लावतात त्यांची सरासरी. एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६ आणि स्त्रिया ८१. स्वयंपाक-धुण्याला काम म्हणायचं की नाही, हा मघाशी बाजूला ठेवलेला वाद या पाहणीने निदान मिनिटांत मांडला.

रोजगाराच्या पाहणीत आणखी एक गंमत आहे. तिथे ९२ नंबरचा कोड म्हणजे फक्त घरकाम करणारी, आणि ९३ म्हणजे घरकामासोबत सरपण गोळा करणारी, जनावरांचा चारा आणणारी, घरच्यांसाठी शिवणटिपण करणारी. म्हणजे सरकारला माहीत आहे की ही बाई नुसती घरकाम करत नाही. तिच्यासाठी वेगळा नंबरही ठेवला आहे. पण मोजणीत ती काम करणाऱ्यांच्या बाहेरच.

इथे कोणी विचारेल, इतक्या पाहण्या होतात तर जनगणनेवरच एवढा भर का? पाहणी आणि जनगणना यात मोठा फरक आहे. पाहणीत थोड्या घरांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधतात. हंड्यातलं एक शीत दाबून भात शिजला का बघतो तसंच. चांगली पद्धत आहे, पण तिची मर्यादा समजून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेमार्फत होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३३,७५५ स्त्रियांशी बोलणं झालं. जिल्हे ३६. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेनऊशेच्या आत. बुलडाणा जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या २०११ ला साधारण १३.७ टक्के होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात मुस्लिम बायका विचारल्या गेल्या असतील सव्वाशे-दीडशे. त्यातल्या विशीतल्या किती, शिकलेल्या किती, शिवण करणाऱ्या किती, असं खाली उतरत गेलं की हातात पाच-दहा जणी उरतात. त्यावरून मेहकर, मलकापूर, जळगाव जामोदच्या बायकांबद्दल काही सांगता येत नाही. घरोघर जाऊन प्रत्येकाला मोजणारी एकच गोष्ट आहे, ती जनगणना.

एक गोष्ट मात्र त्या आरोग्य पाहणीकडून शिकण्यासारखी आहे. तिथे बाईची मुलाखत बाईच घेते आणि उत्तर त्याच बाईने द्यायचं असतं, तिच्या वतीने सासऱ्याने नाही. घरातल्या मारहाणीचे प्रश्न तर घरातल्या एकाच बाईला, आणि शेजारी कोणी नसेल तरच विचारतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात, पण चुकीचं उत्तर घेत नाहीत. जनगणनेत घरातला एक माणूस सगळ्यांबद्दल सांगतो. कमी वेळात सगळा देश मोजायचा तर दुसरा इलाज नाही. म्हणून तो एक माणूस कोण, हे महत्त्वाचं. २०११ ला आमच्या शेजारच्या भागात सहकारी मॅडम होत्या. त्या थेट चुलीपर्यंत जायच्या, पाणी मागायच्या, मग विचारायच्या. संध्याकाळी कागद जुळवताना त्यांच्याकडे काम करणाऱ्या बायका आमच्यापेक्षा कितीतरी जास्त निघायच्या. वस्ती तशीच, लोक तसेच. आम्ही तेव्हा गमतीने म्हणालो होतो, मॅडम, तुमच्याकडच्या बायका फार मेहनती दिसतात.

नावाचा घोळ हा या सगळ्याचा धाकटा भाऊ. शाळेच्या दाखल्यावर मुलगी ‘शेख सानिया शे. रफिक’, आधारवर ‘सानिया बी’, बँकेत ‘सानिया परवीन’, लग्नानंतर आणखी काही. मुलांच्या नावांत हे कमी होतं. बी, बेगम, खातून, परवीन, अंजुम हे सगळं मुलींच्याच मागे. यु-डायसवर २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होते. नाव जुळलं नाही की आधार पडताळणी अडते. मुलगी गावातली शाळा संपवून दुसरीकडे गेली आणि नव्या शाळेने तिला वेळेत ओढून घेतलं नाही की ती ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहते. मुलगी रोज बाकावर बसलेली आणि सिस्टीममध्ये हरवलेली. असे विद्यार्थी शोधता शोधता आमचे जून-जुलै जातात. मुस्लिम मुलींच्या गळतीचा आकडा वाचताना त्यात खऱ्या गळतीसोबत थोडी अशी ‘शे.’ आणि ‘शेख’मधली गळतीही असते, हे आम्हाला आतून माहीत आहे.

तर आता काय करायचं. या वेळची जनगणना मोबाईलवर आहे आणि ज्यांना हवं ते स्वतः ऑनलाईन माहिती भरू शकतील. सोय चांगली आहे. पण घरातला मोबाईल आणि ओटीपी कोणाच्या हातात असतो? भाऊ किंवा मुलगा एका जागी बसून पाच मिनिटांत सगळ्या घराचं भरून टाकेल आणि अम्मी, भाभी, बहीण यांच्यापुढे पुन्हा ‘घरकाम’. म्हणून भरताना घरातल्या बायकांना सोबत बसवा. एकेकीला महिन्याच्या हिशेबाने विचारा : पावसाळ्यात काय केलं, दिवाळीच्या आसपास काय केलं, रमजानमध्ये काय केलं. ‘काम करता का’ विचारलं तर त्या स्वतःच नाही म्हणतील, आमचा अनुभव आहे. ‘बकऱ्या कोण बघतं’, ‘दुकानात कोण बसतं’, ‘शिलाईचे पैसे कोणाला मिळतात’ असं विचारा. सहा महिने भरतात का ते मोजा. मशीन वर्षभर चालू असेल तर ते ‘मुख्य’ काम आहे, सांगताना कमी करू नका. आणि वाढवूनही सांगू नका. जी खरंच फक्त घर सांभाळते तिचं तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

प्रगणक दारात आले तर त्यांना आत बसवा. ते बहुधा आमच्यासारखेच कोणी गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतील, थकलेले असतील. घरातल्या मोठ्या बाईला बोलू द्या, पडद्याआडून बोलली तरी चालतं.

काहींच्या मनात भीती असते, ती उगाच नाही. माहिती दिली तर उद्या ती कशाला वापरतील? जनगणनेबद्दल एवढं माहीत असू द्या की १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एका घराची, एका माणसाची माहिती गुप्त असते, ती कोणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. माहिती देताना कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत. तोंडी सांगितलेलंच लिहून घेतात. शिलाईचे पैसे सांगितले म्हणून टॅक्स लागत नाही आणि रेशनही बंद होत नाही. आम्हाला २०११ ला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच होता. नावं मात्र आधीच एका कागदावर काढून ठेवा, मुलींची खास करून. दाखल्यावर जे आहे तेच सगळीकडे सांगा.